एकसष्ट नंबरचा अकीक

बर्च प्रेअरी गावच्या दगडवेड्यांच्या मंडळात सिग्ने टॉलेफसनची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे अंडं फोडून उकळलेली तिची कॉफी आणि दुसरी म्हणजे तिचं गुणगुणणं. मंडळाची सहल खडीच्या खाणीत गेली की वीस-पंचवीस माणसं माना खाली घालून, सूर्य डोळ्यांसमोर धरून, पावलापुढे पाऊल टाकत निघायची. अकीक शोधायचा तर सूर्य समोरच लागतो. बाकीचे दगड मख्ख पडून राहतात, अकीक तेवढा आतून लाल उजळतो. या रांगेत तिचा नवरा आर्विड असायचा, आणि त्याच्या मागे अर्धं पाऊल सोडून सिग्ने, चर्चमधली भजनं गुणगुणत.

"आर्विड, नशीब काढलंस लेका," मंडळाचा अध्यक्ष डेल्मर क्रॉग दर सहलीला म्हणायचा. "आमची बायको खाणीत आली की पहिल्या दहा मिनिटांत तिचे गुडघे दुखायला लागतात. तुझी बघ, गातेय!"

आर्विड नुसता हसायचा. थोडं पुढे जाऊन थबकायचा, खाली वाकायचा, आणि उठायचा तेव्हा त्याच्या हातात लाल पट्ट्यांचा अकीक असायचा. बाकीचे कपाळाला हात लावायचे. त्याच जागेवरून नुकतेच तिघे जण गेलेले असायचे.

खरी गोष्ट अशी होती की आर्विड टॉलेफसन रंगांधळा होता. लाल आणि तपकिरी त्याला सारखेच. आणि आमच्याकडचा अकीक तर लालच. सुपीरियर सरोवराच्या काठचं सगळं लोखंड त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तपकिरी खडीत लाल दगड शोधायला आर्विडला सोडणं म्हणजे बहिऱ्याला घंटा ऐकायला पाठवण्यासारखं होतं. तरुणपणी तो रेल्वेत लागायला गेला होता. तिथे त्यांनी लाल-हिरवे कंदील दाखवले आणि त्याला परत पाठवलं. गावात त्याने सांगितलं की पाठीत दोष निघाला. मग तो धान्याच्या कोठारावर लागला, तिथे पाठीवर पोती वाहिली, आणि कुणाला काही खटकलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, सिग्नेने विणलेला लाल मोजा एका पायात आणि तपकिरी दुसऱ्या पायात घालून तो चर्चला निघाला, तेव्हा दारातच तिने त्याला अडवलं. त्याने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "कुणाला बोलू नकोस." ती म्हणाली, "नाही बोलत." तिथून पुढे बेचाळीस वर्षं ती बोलली नाही.

तिचं गुणगुणणं म्हणजे आर्विडचे डोळे होते. तिचा सूर चढला की डावीकडे, उतरला की उजवीकडे, आणि भजन थांबलं की तिथेच, बुटाच्या टोकाशी. दोघंच असली की ती सरळ सांगायची, "डाव्या पायाजवळ, त्या चपट्या दगडाला टेकून." चारचौघांत हे चालण्यासारखं नव्हतं. मंडळाचा नियमच होता की दगड ज्याने उचलला त्याचा. ज्याने पाहिला त्याचा नव्हे. कारण प्रत्येकच जण म्हणणार, मी आधी पाहिला होता. नियम शहाणपणाचा होता आणि सिग्नेपुरता तो गळफास होता.

आता कुणी विचारेल, तिने स्वतः का नाही वाकून उचलले? सुरुवातीला लाज, मग सवय. बावन्न साली मंडळ निघालं तेव्हा बायका चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात असायच्या आणि पुरुष वर दगड बघायचे. रेल्वेने परत पाठवलेल्या माणसाला चार लोक 'वा आर्विड' म्हणतात, तेव्हा त्याची मान कशी ताठ होते हे तिने पाहिलं होतं. तिला ते आवडायचं. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःसाठी खड्डा खणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कुणाचं तरी भलंच करायचं असतं.

आर्विडचंही काही अगदीच शून्य नव्हतं, खोटं कशाला बोला. त्याचा हात सोन्याचा होता. हिऱ्याच्या धारेच्या करवतीवर दगड कसा धरायचा, कुठल्या बाजूने कापला की पट्टे पूर्ण गोल उमटतील, कुठे चीर आहे आणि तिथे दाब दिला तर दोन तुकडे होतील, हे त्याला बोटांनीच कळायचं. अंगाला तेलाचा वास मारत असला तरी तो संध्याकाळभर चाकावर बसायचा आणि दगडाला अशी झिलई आणायचा की हात फिरवावासा वाटे. प्रत्येक दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईत बारीक नंबर. त्या नंबरचं एक कार्ड. कार्डावर ठिकाण, साल आणि कुणाला मिळाला त्याचं नाव. ही कार्डं त्याच्या बाकावर हिरव्या पत्र्याच्या डब्यात असत. या छंदात कार्ड गेलं की दगडाची किंमत गेली. नुसता सुंदर दगड काय, कुणाकडेही असतो.

ठिकाण सांगायची सिग्ने. तेही तिच्या पद्धतीने. संध्याकाळी मंडळाची माणसं स्वयंपाकघरात बसलेली असायची, कुणीतरी खिशातून दगड काढून आर्विडपुढे ठेवायचा, "ओळख बरं, कुठला?" आर्विड तो दगड फिरवून फिरवून बघायचा. सिग्ने कॉफी ओतता ओतता वाकून म्हणायची, "आस्पलुंडच्या खाणीतला ना हा, आर्विड?" आणि आर्विड म्हणायचा, "आस्पलुंडच." आस्पलुंडचे दगड कोरड्या खडीतले, नारिंगीकडे झुकणारे; बटाट्याच्या शेतातल्या चिकणमातीतून निघणारे काळपट, दाट; सरोवराच्या काठचे लाटांनी घासलेले, काच खरवडल्यासारखे धुरकट. दगडाच्या सालीवरूनच तिला कळायचं. सांगताना मात्र नेहमी प्रश्नाच्या सुरात. नवऱ्याला चारचौघांत सांगायचं तर असंच सांगायचं असतं, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं.

फक्त एक दगड असा होता की ज्याच्या शोधात आर्विडचा बोटाएवढाही वाटा नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात आर्विड हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. घरात एकटी बसून सिग्नेला काही सुचेना, म्हणून ती आस्पलुंडच्या खाणीत गेली. गुणगुणायचं कारण नव्हतं, ती गप्पच चालत होती. खडीच्या कड्याच्या पोटातून माती ढासळली होती आणि त्यात पावाच्या अर्ध्या लादीएवढा अकीक अडकलेला होता. एवढा मोठा, एवढ्या सलग पट्ट्यांचा अकीक मंडळात कुणी पाहिलाच नव्हता. तिने तो नखांनी मोकळा केला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि तशीच मातीच्या हातांनी दवाखान्यात गेली. आर्विडने तो पोटावर ठेवून घेतला. लाल त्याला दिसत नव्हताच, पण पट्टे दिसत होते. तो किती वेळ एकेक पट्टा बोटाने मोजत राहिला.

"हा कापायचा नाही," तो म्हणाला. "एका बाजूने नुसती झिलई द्यायची. आणि सिग्ने, याच्या कार्डावर तुझं नाव घालणार मी. मिळाला कुणाला, तर सिग्ने टॉलेफसन."

सिग्ने म्हणाली, "त्याची काय गरज आहे?" आमच्याकडे ज्याची सगळ्यांत जास्त गरज असते त्याबद्दल असंच म्हणतात. पण घरी परतताना पूर्ण रस्ताभर ती मोठ्याने गात होती, आणि तेव्हा रस्त्यावर कुठलाही दगड नव्हता.

एकसष्ट नंबर मिळाला त्या दगडाला. दिवाणखान्यातल्या कपाटात तो मधोमध राहिला. कार्ड डब्यात राहिलं. सिग्नेने ते कधी काढून पाहिलं नाही. डब्याला कुलूप नव्हतं, आठवड्यातून एकदा ती तो पुसायचीही. पण उघडून बघणं म्हणजे नवऱ्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. आर्विडचं नाव असलेल्या तीनशे कार्डांमध्ये एका कार्डावर आपलं नाव आहे, एवढं तिला पुरत होतं. भांडी घासताना, बर्फ ओढताना, चर्चच्या तळघरात शंभर माणसांसाठी बटाटे सोलताना तिला मधूनच ते आठवायचं आणि बरं वाटायचं. मला विचाराल तर तिने पहिल्याच आठवड्यात डबा उघडायला हवा होता. पण मला कुणी विचारलं नाही.

नव्वद सालच्या फेब्रुवारीत फाटकापुढचा बर्फ ओढताना आर्विड फावड्यावरच कोसळला. चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण चालू होतं, हॅमचे सँडविच आणि तीन रंगांची जेली, तेव्हा डेल्मर क्रॉग तिच्याजवळ येऊन बसला. बरोबर जनेल ओस्टबी. जनेल म्हणजे जिल्ह्याच्या नव्या संग्रहालयातली मुलगी, शिकलेली, लाघवी, कुणाचाही हात हातात घेऊन बोलणारी.

"मिसेस टॉलेफसन, आम्ही एक पूर्ण दालन करणार आहोत," जनेल म्हणाली. "आर्विड टॉलेफसन अकीक दालन. तीनशे अठरा दगड, सगळे कार्डांसकट. असा संग्रह आख्ख्या राज्यात नाही."

"आर्विडला किती आवडलं असतं," डेल्मर म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

सिग्नेने सही केली. तिलाही वाटलं, चांगलंच आहे. दालनाला नाव त्याचं, आणि एका दगडाखालच्या चिठ्ठीवर आपलं. लोक वाकून वाचतील.

एप्रिलमध्ये जनेल टाइप केलेली यादी घेऊन आली. कार्डं तिने महिन्यापूर्वीच नेली होती. "एकदा नजर टाका आणि इथे सही करा. सोमवारी दगड न्यायला येतो आम्ही."

सिग्नेने चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचायचा सभ्यपणाही तिला सुचला नाही. ती सरळ एकसष्टवर गेली. आस्पलुंडची खाण. १९५८. आर्विड टॉलेफसन.

"इथे चूक झाली टाइपात," ती म्हणाली.

"कुठे?"

"हा मला मिळाला होता. कार्डावर माझं नाव आहे."

जनेलने पिशवीतून डबा काढला, बोटांनी कार्डं चाळली आणि एकसष्ट नंबरचं तिच्यापुढे ठेवलं. आर्विडचं अक्षर. आर्विडचं नाव.

सिग्नेने कार्ड उचललं आणि खिडकीशी नेलं. उजेडाकडे धरलं. नावाच्या जागी कागद पातळ झाला होता, दाढीच्या पात्याने खरवडला की होतो तसा. नव्या शाईच्या खाली जुन्या 'एस'चा वेढा आणि शेवटच्या अक्षराची शेपटी अजून दिसत होती. म्हणजे त्याने लिहिलं होतं. दिलेला शब्द पाळला होता. आणि मग कधीतरी बाकावर बसून, पातं घेऊन, तिला शांतपणे खरवडून काढलं होतं.

कधी, ते तिला उभ्या उभ्या आठवलं. चौसष्ट साली राज्याच्या प्रदर्शनाचे परीक्षक घरी आले होते. एकसष्ट नंबरला निळी फीत मिळाली होती. तिने त्यांना कॉफी दिली होती, पातळ पोळीवर लोणी-साखर लावून वाढली होती, आणि ते कार्ड बघत होते तेव्हा दाराआड उभी राहून तिने वाट पाहिली होती की आता ते मान वर करून आपल्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. तिला वाटलं होतं, मोठी माणसं, घाईत असतील.

"उफ दा," ती हळूच म्हणाली. आमच्याकडे गाईने बादली लवंडली तरी एवढंच म्हणतात.

"इथे शाई जराशी फुटलीय, एवढंच," जनेल म्हणाली.

सिग्ने कोट घालून तडक डेल्मरकडे गेली. त्याच्या वर्कशॉपमध्ये करवत चालू होती. त्याने ती बंद केली, हात पुसले, तिला स्टूल दिलं. बेचाळीस वर्षांत जे बोलली नव्हती ते तिने पाच वाक्यांत सांगितलं. आर्विडला लाल दिसत नव्हता. दगड मी दाखवायचे. गुणगुणून. ठिकाणंही मीच सांगायचे. एकसष्ट तर मी एकटीने काढला.

डेल्मरने ऐकून घेतलं. मग तो हसला, पण वाईट हसला नाही, आणि तेच वाईट.

"सिग्ने, आर्विड रंगांधळा? या तीन जिल्ह्यांत लाल अकीक शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता!"

"म्हणूनच सांगतेय. मी होते मागे."

"होतीस ना. कोण नाही म्हणतंय? अशी साथ कुणाला मिळते! पण ठिकाणं तू सांगायचीस म्हणजे काय? मी स्वतः तुझ्या स्वयंपाकघरात शंभर वेळा बसलोय. तू तर त्याला विचारायचीस. 'आस्पलुंडचा ना हा, आर्विड? सरोवरावरचा ना हा, आर्विड?' अजून कानात आहे माझ्या."

सगळ्या आयुष्याची सभ्यता सिग्नेच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती.

"दे तुझ्याकडचे दगड," ती म्हणाली. "कुठलेही दे."

डेल्मरने खणातून तीन दगड काढून बाकावर ठेवले. तिने पहिल्याची साल अंगठ्याने चोळली. "बटाट्याचं शेत. हा शाळेमागच्या ओढ्यातला. आणि हा आपल्याकडचा नाहीच, हा कुणीतरी तुला दक्षिणेकडून आणून दिलाय."

डेल्मर थक्क झाला. तिन्ही बरोबर होते. तो मान हलवत राहिला. आता पटलं याला, असं सिग्नेला वाटलं.

"बघ," तो गहिवरून म्हणाला, "किती छान शिकवलं होतं आर्विडने तुला."

मग त्याने तिला दारापर्यंत सोडलं, खांद्यावर हात ठेवला. "जेवतेस ना वेळेवर? दुःखात माणसाच्या डोक्यात काहीबाही येतं. माझी आई, बाबा गेल्यावर म्हणायची की गाडी तिनेच विकत घेतली होती. आमची बायको उद्या बटाटा-खिम्याची ओव्हनमध्ये भाजलेली थाळी पाठवेल."

रविवारी सिग्ने चर्चला गेली नाही. तिच्या नेहमीच्या बाकावर ती नाही हे सगळ्यांनी पाहिलं आणि दुःखाला वेळ लागतो असं एकमेकांना सांगितलं. ती स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली, कापसाचा पुडा. कपाटातून ती एकेक दगड आणायची, पालथा घालायची, पांढऱ्या ठिपक्यावर कापूस दाबायची. शाई आधी निळी फुटायची, मग रंग मऊ पडून कापसाला यायचा. दगड स्वच्छ. पुढचा. इतकी वर्षं या दगडांच्या पाठी पुसायचं काम तिचंच होतं.

तिचा हिशेब साधा होता. नंबर गेले की कार्डं आंधळी. तीनशे अठरा कार्डं एका बाजूला आणि तीनशे अठरा दगड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एकच माणूस, ज्याला सगळं ठाऊक आहे. आता त्यांना विचारावंच लागेल. आता ती सांगेल, आणि सांगणाऱ्याचं नाव लिहावं लागेल. दुपारी दीडला शेवटचा दगड पुसून झाला. औषधाच्या वासाने तिचं डोकं भणभणत होतं. तिने खिडकी उघडली आणि किती महिन्यांनी पोटभर जेवली.

सोमवारी जनेल आणि डेल्मर खोकी घेऊन आले. दगड टेबलावर, ओट्यावर, खिडकीत मांडून ठेवलेले होते. जनेलने एक पालथा केला, दुसरा केला, मग भराभर दहा-बारा. तिचा चेहरा पांढरा पडला.

"नंबर कुठे गेले?"

"मी पुसले," सिग्ने म्हणाली. "बसा. कॉफी तयार आहे. प्रत्येक दगड कुठला, कुठल्या साली, कुठल्या कड्यावरून, मी सांगते. तू नव्याने लिही. फक्त शेवटच्या ओळीत सिग्ने टॉलेफसन घाल. सगळ्यांवर नको. निम्म्यांवर घाल. निम्म्यांवर तरी घाल."

आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि मागतानाच निम्म्यावर उतरली होती.

जनेलने तिचा हात हातात घेतला. "मिसेस टॉलेफसन, मला कळतं. खरंच कळतं. पण कार्डं त्यांच्या हातची आहेत. त्यावर जे लिहिलंय ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलू शकत नाही. संग्रहालयात तसं चालत नाही."

"काही घाबरू नकोस जनेल," डेल्मर बाह्या सारत म्हणाला. "आर्विडचे दगड मी तीस वर्षं बघतोय. आपण लावू सगळं जागेवर. सिग्ने, तू बस. तू नुसती बस."

त्याने पहिला दगड उचलला. बटाट्याच्या शेतातला. त्याने तो बरोबर ओळखला. दुसरा उचलला. धुरकट, लाटांनी घासलेला, सरोवराच्या काठचा. त्याने तो उजेडाकडे धरला, फिरवला, जीभ लावून ओला करून पाहिला.

"आस्पलुंड?" तो स्वतःशीच म्हणाला, आणि सवयीने त्याने कॉफीची किटली धरून उभ्या असलेल्या सिग्नेकडे बघितलं.

तिच्या जिभेवर आलंच होतं. सरोवरावरचा ना हा, डेल्मर? ओठ उघडलेसुद्धा. आणि त्या क्षणी तिला स्वच्छ दिसलं की ती बोलली तर दगड बरोबर कार्डावर जाईल, आणि त्या कार्डावर नाव आर्विडचं आहे. तिचं प्रत्येक खरं उत्तर आर्विडलाच जास्त खरं करणार होतं. जन्मभर तेच झालं होतं, आणि ती बोलली तर आजही तेच होणार होतं.

तिने तोंड मिटलं आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

"आस्पलुंडच," डेल्मर म्हणाला. जनेलने दगडाच्या पाठीवर नवा पांढरा ठिपका दिला.

चार वाजेपर्यंत ते चाललं. ओढ्याचे दगड शेतात गेले, शेतातले सरोवरावर. एका कडाक्याच्या ऑक्टोबरमध्ये हात गोठेपर्यंत धुंडाळून तिने दाखवलेला डोळ्यांसारख्या वर्तुळांचा दगड त्यांनी कुठल्याशा रस्त्याकडेच्या ढिगाऱ्याच्या कार्डावर टाकला. डेल्मर थकला तसा विचारही करेना, रंग बघून कार्ड लावत सुटला. सिग्ने समोर खुर्चीवर बसून बघत होती. त्यांचं चुकलं की तिला आत कुठेतरी ओरखडा उठत होता. सूड घ्यायला बसलेल्या माणसाला मजा यायला हवी. तिला मात्र एकेक दगड हातातून निसटून पाण्यात पडतोय असं होत होतं. आर्विडने तिचं नाव खरवडलं होतं, एका कार्डावरून. उरलेलं सगळं, ती जिथे जिथे चालली, वाकली नाही, थांबली, ते सगळं त्या नंबरांत होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने कापसाने पुसून टाकलं होतं.

शेवटी एकच दगड राहिला. एकसष्ट.

"याला ओळखायला नको," जनेल हसून म्हणाली. याचा फोटो वर्तमानपत्रात तीनदा आला होता. डब्यातलं कार्ड काढून तिने न बघताच त्याच्यासोबत ठेवलं. आस्पलुंडची खाण, १९५८, आर्विड टॉलेफसन. तीनशे अठरा दगडांत निम्म्याहून अधिक चुकले होते, आणि हा बिनचूक लागला होता.

जूनमध्ये दालन उघडलं. फीत कापायला सिग्नेला बोलावलं होतं. तिने निळा झगा घातला होता, डेल्मरच्या बायकोने तिच्या छातीला फूल टाचलं होतं. डेल्मरने भाषण केलं. त्यात त्याने सांगितलं की आर्विडच्या प्रत्येक पावलामागे सिग्नेचं भजन असायचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही बायकांनी डोळे पुसले. मग सगळे काचेच्या पेट्यांभोवती पांगले. वाकून वाकून चिठ्ठ्या वाचू लागले.

वर्तमानपत्राची एक बाई वही घेऊन सिग्नेजवळ आली. त्या दोघी एका धुरकट दगडापुढे उभ्या होत्या. चिठ्ठीवर आस्पलुंडची खाण असं लिहिलं होतं.

"इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरलात," ती बाई म्हणाली, "तुम्हालाही येत असतील की ओळखता? हा कुठला म्हणून कसं कळतं हो?"

सिग्नेने दगडाकडे पाहिलं. सत्तर सालचा ऑगस्ट, गुडघाभर पाणी, लाट ओसरताना ओल्या वाळूत एवढासा चमकलेला.

"चिठ्ठीवर लिहिलंय ना," ती म्हणाली.